शामलावहिनीचा चाकू

रविवार, ५ मार्च १९७८

१९ फेब्रुवारीच्या पानावर मी लिहिलं आहे : ‘वहिनीने भांडी घासताना जपानचा चाकू बादलीतच राहू दिला. आईने हात घातला तेव्हा तो तिला लागला.’ हे खरं नाही. चाकू मी टाकला होता. ते पान फाडावं असं दोनदा मनात आलं. पण फाडलं तर मी खोटं लिहिलं होतं हेही नाहीसं होईल. म्हणून ते तसंच ठेवते आणि खरं काय झालं ते इथे लिहिते.

आदल्या दिवशी, शनिवारी, मटणाच्या मसाल्यासाठी खोबऱ्याची वाटी कापायची होती. पायाखाली धरून चिरायची आमची पावशी वहिनीपाशी होती आणि मला घाई होती, म्हणून मी चाकू घेतला. हाड, सुपारी, खोबरं असलं कडक काही त्याने कापायचं नाही, हा नियम मीच कागदावर लिहून भिंतीला लावलेला. पातं मधेच अडकलं. मी ते पिळलं आणि धारेचा खसखशीएवढा कपचा उडाला. कोणी पाहिलं नाही.

रविवारी दुपारी आई झोपली होती. दादा बाहेर गेला होता, वहिनी नळावर. कोणाला कळायच्या आत धार सारखी करावी म्हणून मी मोरीत चाकूबरोबर आलेला धार लावायचा दगड घेऊन बसले. तो दगड ओला करून घासला की त्यातून राखेसारखा लगदा निघतो. तो मी बादलीतच धूत होते, त्यामुळे पाणी अगदी गढूळ झालं. उडालेल्या कपच्याची खाच काही जाईना. तेवढ्यात आईची चाहूल लागली. मी चाकू आणि दगड दोन्ही बादलीत सोडले आणि दाराशी कोणी हाक मारल्यासारखी उठून गेले. कोणीही हाक मारली नव्हती.

आईने नेहमीसारखा, पाण्यात बुडालेला गडवा काढायला बादलीत हात घातला.

मी परत आत येईपर्यंत वहिनी घागर टाकून धावत आली होती. तिनेच पाण्यात हात घालून चाकू बाहेर काढला. दादा आला तेव्हा चाकू तिच्या हातात होता आणि त्यावरून पाणी गळत होतं.

मी काही बोलले नाही. एवढंच लिहायचं होतं.

सोमवार, ६ मार्च

एवढंच नव्हतं.

आईला टाके घालून घरी आणल्यावर दादा वहिनीवर ओरडला. “तुले कितीदा सांगतलं, पाण्यात ठेवू नको म्हणून? फुलानं भिंतीवर लिवून लावलं ना?”

“म्या नाई ठेवला.”

“मंग काय चाकू पायानं चालत गेला मोरीत?”

“मले वाचता नाई येत,” वहिनी म्हणाली, “पण म्या नाई ठेवला.” मग ती माझ्याकडे वळली. “बाई, काय लिवलं आहे त्या कागदावर? वाचून दाखवा बरं मले.”

मी उठले आणि वाचलं, वर्गात वाचते तसं. चाकू वापरून होताच धुऊन कोरड्या फडक्याने पुसावा. पाण्यात ठेवू नये. माझा आवाज कुठेही अडखळला नाही, हे मला नीट आठवतं. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होती, कागदाकडे नाही.

“आइकलं?” दादा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वाडीला गोदामात कामावर जाण्याआधी तो तिला कुहीच्या बसमध्ये बसवून आला. “माय बरी होईपर्यंत राय बापाकडं,” एवढंच बोलला. जाताना तिने आमच्या दोन वेळच्या पोळ्यांची कणीक भिजवून ठेवली होती.

गुरुवार, ९ मार्च

आईची पट्टी सुटली. उजव्या हाताची तर्जनी. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, पण आतली शीर तुटली आहे, बोट आता वाकायचं नाही. आईने विचारलं, “मंग पान कोनतं बोट वळवन?” त्यांना कळलं नाही. मी सांगितलं की ती विड्या वळते.

आई माझ्या जन्माआधीपासून विड्या वळते आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, प्रताप नगरच्या शाळेत लागले, ते सगळं आईच्या त्या बोटांवर. हे लिहायला सोपं आहे.

घरी येऊन तिने सूप मांडीवर घेतलं, एक पान कापलं, तंबाखू ठेवला. वळताना बोट ताठच राहिलं. विडीचं तोंड उघडं ते उघडंच. तिने ती विडी वर धरून पाहिली.

“ही तं तुह्या बापासारखी झाली वं. तोंडच बंद होत नाई.”

ती हसली, म्हणून मीही हसले. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

रविवार, १२ मार्च

आणखी एक दुरुस्ती करायची आहे. शाळेत पोरांना मी सांगते, एक चूक सापडली की मागची सगळी वही तपासा.

२६ ऑक्टोबरला मी लिहिलं : ‘जाताना ओकादाबाईंनी मला आपला चाकू भेट दिला.’

ओकादाबाई जपानहून धम्मचक्र दिनासाठी आलेल्या मंडळींत होत्या. विहाराच्या कमिटीने पाहुणे घरोघरी वाटून दिले तेव्हा त्या आमच्याकडे आल्या, कारण मला इंग्रजी येतं. त्यांना थोडं येत होतं, मला त्याहून थोडं. त्यांची त्यांच्या गावी खानावळ होती, ती वय झालं म्हणून त्यांनी त्याच वर्षी बंद केली होती. सहा दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या असतील तासभर. बाकी सगळा वेळ चुलीपाशी वहिनीबरोबर. दोघींना एकमेकींचा एक शब्द समजत नव्हता आणि दोघी सारख्या बोलत होत्या.

चाकू लांब, पांढऱ्या लाकडी मुठीचा, पात्यावर त्यांच्या लिपीत कोरलेलं नाव. आमच्याकडे टेबल नाही, म्हणून पेटीवर पाट उलटा टाकून त्यांनी वहिनीला उभं राहून चिरायला शिकवलं. तिचं मनगट धरून दाखवलं : टोक पाटावरून उचलायचं नाही, मागची बाजू फक्त वर-खाली. दोन दिवसांत वहिनी कांदा असा चिरायला लागली की डोळ्यांत पाणी येईना. टमाट्याची चकती तिने वर्तमानपत्रावर ठेवली, तर खालची अक्षरं दिसत होती. “बाई, वाचा बरं काय लिवलं आहे ते, टमाट्यातून!” ती म्हणाली. शेजारच्या पार्वतीबाई पाहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काहून वं शामले, जपानच्या चाकूनं चिरली तं भेंडीची बासुंदी होते का?” वहिनी म्हणाली, “नाई होत, पण त्याले नवरीवानी पुसा लागते. तुमच्या पावशीले कोनी पुसते का?”

मीही करून पाहिलं. माझ्या चकत्या एका बाजूने जाड व्हायच्या. पातं पुसायला आणि तेल लावायला मात्र मी कधी चुकले नाही.

निघायच्या दिवशी ओकादाबाईंनी चाकू फडक्यात गुंडाळला, वाकल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केला. वहिनीपुढे. वहिनीचे हात कणकेचे होते. “बाई, तुमी धरा, माहे हात भरले आहेत,” असं ती मला म्हणाली, म्हणून मी धरला. मग त्यांनी निगा कशी राखायची ते इंग्रजीत सांगितलं, ते अर्थात मला. ते मी लिहून घेतलं आणि भिंतीला लावलं. वहिनी नंतर चाकू घ्यायच्या आधी मला विचारायला लागली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. पण विचारू नको असंही सांगितलं नाही.

रविवार, १९ मार्च

दादाने आज चाकू फडक्यातून काढला. नाल्यात फेकतो म्हणाला. आई म्हणाली, “पाहुनीची वस्तू आहे, फेकाची नाई.” त्याने पातं उजेडात धरलं आणि त्याला कपच्याची खाच दिसली.

“हे पाय. दाता बी पाडला हिनं. अन् बोलली का काई? चोरून ठेवला.”

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले. आईने मला दुसरं सूप दिलं, त्यातले तांदूळ आधीच निवडलेले होते.

शनिवार, २५ मार्च

आईच्या दवाखान्याचा कागद शोधताना तिच्या पेटीच्या तळाशी धार लावायचा दगड सापडला. त्या दिवशी बादलीत पाहिलं तेव्हा तो नव्हता, आणि मला विचारायची हिंमत झाली नव्हती. तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नीट बांधलेला, कोरडा. आईने जपून ठेवला असेल, पाहुणीची वस्तू म्हणून. चाकू मात्र तिने बाहेरच ठेवला आहे. मी दगड होता तसा ठेवून दिला.

रविवार, २ एप्रिल

वहिनीचे वडील देवाजी आले. कुहीहून पहिल्या बसने. पिशवीत आमच्यासाठी नवे तांदूळ होते. “जयभीम, जावईबापू,” म्हणाले आणि दारापाशीच बसले, आत या म्हटलं तरी. आईच्या हाताची चौकशी केली. तिचं बोट त्यांनी आपल्या हातात घेऊन पाहिलं.

मग म्हणाले, “पोरगी सव्वा महिन्यापासून माह्या घरी आहे. गावातले लोक पुसून राहिले. तिचं चुकलं असन तं मी माफी मागतो. पन ती म्हणते, चुकलंच नाई.”

“मंग मी खोटं बोलून राहिलो का?” दादा म्हणाला.

“तसं नाई गा म्हणत मी.”

“माह्या मायचा हात गेला, मामाजी. एक विडी वळता येत नाई तिले. अन् तुमची पोरगी माफी नाई मागत.”

देवाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळले. “मास्तरीनबाई, तुमी शिकल्या आहा. त्या दिवशी तुमी घरीच होत्या. तुमीच सांगा, काय झालं ते.”

मी म्हणाले, “मी दाराशी गेले होते.”

ते खरंच आहे. मी दाराशी गेले होते. यात एकही शब्द खोटा नाही, आणि हे मी आज तीनदा स्वतःला सांगितलं. देवाजींनी मान हलवली, जणू मी त्यांना मदत केली. चहा घेऊन ते परतीच्या बसला गेले. तांदूळ ठेवून गेले.

गुरुवार, ६ एप्रिल

ओकादाबाईंचं पत्र आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा दादा घरी होता, पार्वतीबाईही आल्या होत्या. सगळे म्हणाले, वाच. मी मराठी करून वाचत गेले. त्या बऱ्या आहेत. त्यांच्याकडे बर्फ वितळतो आहे. आईने शिकवलेली विडी त्यांनी पुतण्याला दाखवली. या ऑक्टोबरात त्या पुन्हा येतील.

मधे चार ओळी मी वाचल्या नाहीत. त्या इथे लिहिते : ‘शामलाला दिलेला चाकू कसा आहे? तिचा हात फार चांगला आहे. असा हात माझ्या खानावळीत मिळाला असता तर मी ती अजून चालवली असती. तिला सांगा, धार गेली तर घाबरू नको, मी येईन तेव्हा दोघी मिळून लावू.’

मी पत्राची घडी घातली तेव्हा आईने विचारलं, “शामलीचं काई पुसलं नाई का वं त्या बाईनं?”

“नाही,” मी म्हणाले.

घरात इंग्रजी मला एकटीलाच येतं. पार्वतीबाई निघताना म्हणाल्या, “लेक शिकवावी तं अशी. कांताबाई, तुमचं सार्थक झालं.” आईने कात्री उचलली. ती डाव्या हाताने पानं कापायची सवय करते आहे.

शनिवार, ८ एप्रिल

आज आईला सांगायचं ठरवलं. शाळा आता सकाळची आहे, मी बाराला घरी आले. आम्ही दोघीच होतो. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “आई, त्या दिवशी बादलीत...”

“पानी आणलं का पिवाले?”

“आणलं. आई, त्या दिवशी मी...”

“त्या दिवसाचं नको काढू.” ती एवढ्या जोराने म्हणाली की मी गप्प झाले. मग हळू आवाजात बोलली, “तुही नोकरी अजून पक्की व्हायची आहे. तुहं लगन व्हायचं आहे. लोकं बसलेच आहेत बोलाले. शामलीचं काय, तिचा बाप आहे, शेत आहे. नवरा-बायकोचं भांडन आहे, मिटन. तू आपली शाळा पाय.”

त्या दिवसाचं दुखणं तिला आठवायला नको असेल. पण त्यात माझ्या नोकरीचं आणि लग्नाचं तिला काय सुचलं, कोण जाणे. मी बोलतच नव्हते त्याबद्दल. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते ताठ बोट कानाला लागलं.

मंगळवार, ११ एप्रिल

दादा जेवताना म्हणाला, आमचे मामा, आईचे भाऊ, रविवारी, सोळा तारखेला येणार आहेत. विहारात चार जणांसमोर फारकतीचं बोलणं करून टाकायचं. देवाजींना निरोप पाठवला आहे. मामांनी उमरेडची एक मुलगी पाहून ठेवली आहे.

“नववी शिकली आहे,” दादा म्हणाला. “घरात वाचता येनारी पायजे. फुला काई जलमभर राहनार आहे का इथं? शामलीले वाचता आलं असतं तं मायचा हात गेला नसता.”

आई म्हणाली, “एवढी घाई कायले करतं गा आनंदा? थोडा दम धर.”

“किती दम धरू?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ताटाकडेही पाहिलं नाही. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, पण ती उठून हात धुवायला गेली. अर्धी भाकर तशीच राहिली.

हे सगळं माझ्या कागदामुळे झालं आहे. वहिनीला वाचता येत नाही म्हणून तिने चूक केली, असं सगळे समजतात. चूक तर वाचता येणारीने केली. मी तो कागद भिंतीवरून काढला. दादाने विचारलं, काहून काढला? मी म्हणाले, मळला होता.

बुधवार, १२ एप्रिल

शाळेत मधल्या सुट्टीत रजेचा अर्ज लिहिला. कारणापुढे ‘घरगुती काम’ लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसले. मग ठरवलं की हे खोटं नाही. मुख्याध्यापकांनी सही केली.

रविवारी बैठकीत उभं राहून सांगावं असं आधी वाटत होतं. पण तिथे मी बोलले तर चार लोक म्हणतील, पोरगी खरी आहे, शिकलेली आहे, केवढं धाडस केलं. मला तसं कोणी म्हणायला नको आहे. आणि वहिनीला ते शेवटी कळेल, सगळ्यांनंतर, लांब बायकांत बसून. आधी तिलाच कळायला पाहिजे.

दादाला आधी सांगावं का, याचाही विचार केला. तो पहिल्यांदा आईकडे पाहील, आई माझ्या नोकरीचं काढेल, आणि मी त्या दोघांसमोर किती वेळ टिकेन याची मला खात्री नाही. दोन महिन्यांत मी पाच वेळा गप्प बसले आहे. सहाव्यांदा बसणार नाही असं म्हणायला माझ्याजवळ काही पुरावा नाही.

म्हणून कुहीला जायचं. देवाजींच्या दारात, ते असताना, शेजारचे असतील तर त्यांच्यादेखत, वहिनीला सांगायचं : चाकू मी बादलीत टाकला. कपचा मी पाडला. चाकू तुम्हाला दिला होता, मला नाही. पत्रात तुमचं नाव होतं, ते मी वाचलं नाही. चार वाक्यं आहेत. आज मी ती म्हणून पाहिली. पहिलं म्हणता येतं. चौथं सर्वांत कठीण जातं आणि का ते मला समजत नाही, कारण त्यात कोणाला जखम झालेली नाही.

चाकू बरोबर नेणार नाही. नेला तर तो पुढे करून मी मोकळी होईन आणि बोलायचं राहून जाईल. पत्र नेईन, पण तिला ते वाचता येत नाही, तेव्हा ते मलाच वाचावं लागेल, सगळं, एकही ओळ न गाळता.

ती माझ्याबरोबर परत येईल असं मी धरून चालत नाही. नाही आली तर तेही बरोबर आहे. त्या दिवशी संध्याकाळी दादा वाडीहून आला की हेच सगळं त्याला सांगायचं, आईसमोर. मामा यायच्या आधी.

उद्या गुरुवारी शाळेत परीक्षा आहे, वर्ग सोडता येणार नाही. परवा शुक्रवारी चौदा एप्रिल, जयंती. मिरवणुकीत मला शाळेच्या पोरींबरोबर चालायचं आहे, आणि त्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हे लिहिताना मी स्वतःला विचारलं की ही कारणं आहेत की सबबी. तपासून पाहिलं. कारणंच आहेत.

पण त्यानंतर एकही कारण उरत नाही. शनिवार, १५ एप्रिल १९७८. सकाळची कुहीची पहिली बस.